रथाच्या दिवशी पाहिलेला रस्ता

शेषम्माला चालता येत होते, फक्त मध्येमध्ये टेकावे लागे. दोन वर्षांपूर्वी चेन्नैत बसच्या पायरीवरून ती पडली, उजव्या खुब्यात डॉक्टरांनी काहीतरी धातूचे बसवले, आणि तेव्हापासून तिच्या चालीला एक ठेका आला. थोडे चालायचे, थोडे बसायचे, पुन्हा उठायचे. नांगराचे एक तास संपल्यावर वळणारा बैल घटकाभर उभा राहतो आणि मगच पुढच्या तासाला लागतो, तशी. चेन्नैतल्याच अंबत्तूरच्या ज्या गल्लीत ती राहायची तिथल्या टेकायच्या जागा तिने हळूहळू हेरल्या होत्या. शिंप्याच्या दुकानाबाहेरचे स्टूल, त्यापुढे मोरीचा कट्टा, त्यापुढे देवळाची पायरी. एवढ्या भांडवलावर तिचा बाजार, तिचे औषध, तिचे देवदर्शन, सगळे पायी उरकत असे. दुचाकी ती कधी शिकली नाही. बसची तिने धास्ती घेतली होती.

मग मालकाने सांगितले, इमारत पाडायची आहे, आडी महिना लागायच्या आत घर सोडा. आडी म्हणजे तमिळ आषाढ, त्यात कोणी घर बदलत नाही, म्हणून तेवढी मुदत त्याने स्वतःहून दिली. आसपासची भाडी शेषम्माने विचारून पाहिली. एका खाजगी शाळेच्या कचेरीत तीस वर्षे काढलेल्या बाईच्या पेन्शनला ती झेपणारी नव्हती.

तिचे लग्न झाले नव्हते. भावाची बायको बाळंतपणात गेली आणि मागे राहिलेले तान्हे मूल तिनेच वाढवले. तो सुरेंद्र आता बंगळूरला होता, मोठ्या पगारावर, अकराव्या मजल्यावर. आत्यासाठी त्याने एक खोली केव्हाच रिकामी करून ठेवली होती.

"भाजी दारात येते, आत्या," तो फोनवर म्हणाला. "दूध दारात येतं. औषधं येतात. डॉक्टरसुद्धा फोनवर भेटतो."

"मग मी कोठे जाऊ?"

"कशाला जायचं पण?"

दोनदा शेषम्मा त्याच्याकडे राहून आली होती. खालच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की सहा पदरी रस्ता, आणि पलीकडे दुसऱ्या इमारतीचे फाटक. तिथे ती दिवसभर खिडकीपाशी बसून राहायची, आणि संध्याकाळी सुरेंद्रची बायको प्रेमाने विचारायची, आत्या, कंटाळा नाही ना आला? नाही म्हणताना शेषम्माला आपण पाहुणी आहोत हे कळायचे, आणि पाहुणेपण उरलेले सगळे आयुष्य करायचे म्हणजे काय, याचा विचार ती तिथेच सोडून द्यायची.

सुरेंद्र वाईट नव्हता. त्याने फोनवर शोधून कमी खर्चाच्या, पायी फिरता येणाऱ्या शहरांची नावे पाठवली. शेषम्माने ती एकेक करून पाहिली, आणि पाहण्याची तिची स्वतःची रीत होती. रिकामी कापडी पिशवी घेऊन ती जायची. जे घर परवडण्यासारखे असेल त्याच्या दारातून निघायचे, आणि कढीलिंब, दूध, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मोगऱ्याचा गजरा एवढे घेऊन पायी त्याच दारात परत यायचे. कोणाच्या गाडीवर बसायचे नाही. मैसूरचे पदपथ रुंद होते, वर झाडांची सावली होती, पण तिला परवडणारे घर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत निघाले. तिथे गजरा सोडाच, कढीलिंबही मिळेना. पुदुच्चेरीच्या समुद्राजवळच्या गल्ल्या चित्रासारख्या होत्या, आणि भाडीही चित्रे विकत घेणाऱ्यांची होती. कोइंबतूरला उड्डाणपुलाखालचा रस्ता ओलांडायला ती इतका वेळ उभी राहिली की तशीच मागे फिरली.

तंजावूर सुरेंद्रच्या यादीत नव्हते. ते तिच्या डोक्यात होते. तिचे वडील तिथले, मेल वीथीतले, म्हणजे मोठ्या देवळाचा रथ ज्या चार रस्त्यांनी फिरतो त्यांतल्या पश्चिमेच्या रस्त्यावरचे. शेषम्मा शाळेत जायच्या आधीच ते नोकरीसाठी मद्रासला गेले होते. तिथे आता नातेवाईक कोणी उरले नव्हते. पण चौकशी करता करता त्याच रस्त्यावरचे अनिरुद्धराव फोनवर भेटले. घराचा मागचा भाग रिकामा होता, तळमजल्याचा, दोन खोल्यांचा, आणि भाडे तिच्या आवाक्यातले.

"केव्हा येऊ पाहायला?" तिने विचारले.

"रथाच्या दिवशी या की," अनिरुद्धराव म्हणाले. "घराचं काम चांगला दिवस पाहून करावं. त्याहून चांगला दिवस कोणता?"

तिलाही ते पटले. घराण्यात चालत आले होते तसेच. घर पाहणे, आगाऊ रक्कम देणे, उंबरा ओलांडणे, सगळे चांगल्या दिवशी.

चैत्रातली ती सकाळ शेषम्मा पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत राहिली. रथ जायचा म्हणून रस्त्यावरच्या विजेच्या तारा उतरवल्या होत्या. दुकानांची पत्र्याची छपरे आत ओढून घेतली होती. हातगाड्या नव्हत्या, स्कूटर नव्हत्या, पाणी मारून थंड केलेला रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा पडला होता, आणि दोन्ही बाजूंना दारोदारी पांढऱ्या रांगोळ्या. जुन्या घरांच्या दर्शनी भागात दगडी ओटे असतात, तिण्णै म्हणतात त्यांना. त्या तिण्णैवर माणसेच माणसे बसली होती, घरची, परकी, खेड्यांतून आलेली. रथ पुढे गेला. त्याच्या चाकांचा आवाज कितीतरी वेळ जमिनीतून पायांना लागत राहिला. शेषम्मा पिशवी घेऊन निघाली. जिथे खुबा कुरकुरला तिथे कोणीतरी सरकून जागा दिली. जिथे बसली तिथे हातात ताकाचा पेला आला. कढीलिंब, दूध, गोळ्या, गजरा. परत आली तेव्हा तिला घाम आला होता, पण दम लागला नव्हता.

तिने त्याच दुपारी आगाऊ रक्कम दिली.

"सापडलं," रात्री तिने सुरेंद्रला कळवले.

सुरेंद्रने एक अट घातली, आणि शेषम्माने ताठ मानेने ती मान्य केली. आडीच्या आधीच्या आणी महिन्यात, सामान हलवायच्या आधी, तिने एक आठवडा तिथे एकटीने राहून दाखवायचे. स्टेशनवरून येण्याचे सोडले तर सगळे पायी. "एकदा जरी ऑटो केलीस, आत्या, तर ट्रक बंगळूरला येईल. नाहीतर तंजावूरला. कबूल?"

"कबूल. तू ट्रकवाल्याला तंजावूरच सांगून ठेव."

आणीतल्या एका बुधवारी ती उतरली. नव्या घरात दूध उतू घातल्याशिवाय चूल पेटवायची नसते, आणि चांगला दिवस गुरुवारचा होता. म्हणून पहिली रात्र ती अनिरुद्धरावांच्या पुढच्या घरात पाहुणी राहणार होती. त्यांची बायको भारती. जाडजूड, मोठ्या आवाजाची, कपाळावर मोठे कुंकू. संध्याकाळी शेषम्मा म्हणाली, उद्याचे दूध आणि साखर मीच घेऊन येते, आणि पिशवी घेऊन बाहेर पडली.

रस्ता तोच होता, पण तिला तो ओळखता आला नाही. तारा परत आपल्या जागी आल्या होत्या, त्यांच्याखाली पत्रे, पत्र्यांखाली शहाळ्यांच्या, पेरूंच्या गाड्या. रस्त्याच्या कडेला, जिथून माणसाने चालायचे, तिथे दुचाक्या दाटीने उभ्या. चालायचे तर वाहनांच्या मधून, आणि टाऊन बस मागून भोंगा देत अंगावर येणारी. पण शेषम्माला खरा धक्का बसला तो तिण्णैंचा. ज्या ओट्यांवर ती बसली होती ते सगळे लोखंडी जाळीच्या आत गेले होते. जाळीला कुलूप, आत कुठे स्कूटर, कुठे मोडके कपाट, कुठे सायकलींची चाके. रथाच्या दिवशी जाळ्या सताड उघड्या होत्या, माणसांच्या गर्दीत त्या तिला दिसल्याच नव्हत्या.

बाजारापर्यंत ती पोचली. दूध घेतले, साखर घेतली. येताना शाळेच्या लांब भिंतीपाशी खुब्यातून कळ निघाली. भिंतीला ना पायरी, ना कट्टा. तशीच पुढे येऊन ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसू लागली, तोच आतून एकाने शटर वर ढकलले आणि तिला उठावे लागले. उभ्या उभ्या पाय थरथरू लागला. एक ऑटो येऊन थांबली. ड्रायव्हरने विचारले नाही, नुसते पाहिले, आणि शेषम्मा आत बसली. घर इतके जवळ होते की त्याने मीटरला हात लावायच्या आत ते आले.

फोन करायची वेळ झाली तेव्हा तिने बराच वेळ फोन हातात धरून ठेवला. न सांगता चालले असते, कोण पाहायला आले होते? पण ज्या मुलाला तिने खोटे बोलल्यावर उपाशी बसवले होते त्याच्याशी तिला खोटे बोलवेना.

"ऑटो केली," ती म्हणाली. "आज. पहिल्याच दिवशी."

सुरेंद्र हसला नाही. तिला ते बरे वाटले आणि वाईटही वाटले. "सामान बांधूनच ठेवलंय," तो हळू म्हणाला. "शनिवारी मी येतो तिकडे. मग ठरवू."

ठरवू म्हणजे काय ते तिला कळले. जेवताना तिच्या ताटातला भात तसाच राहिला, तेव्हा भारतीने विचारले आणि शेषम्माने सगळे सांगितले.

भारती कपाळावर हात मारून घेऊन हसली. "रथाच्या दिवशी रस्ता पाहिलास? अगे, त्या दिवशी ही वीथी आमची नसते, देवाची असते. लग्नाच्या मांडवात मुलगी पाहून घरातली कशी असेल ते ठरवशील का?"

"तुमच्या घरच्यांनीच त्या दिवशी बोलावलं."

"ह्यांना भाडेकरू हवा होता," भारती म्हणाली, आणि अनिरुद्धरावांनी ताटात आणखी थोडे सांबार वाढून घेतले.

"पण जाळ्या का लावल्या सगळ्यांनी?"

"कोणी रात्री पिऊन निजायचं. एकदोन गाड्या चोरीला गेल्या. एकाने लावली, मग शेजाऱ्याने लावली, मग आम्हीच उरलो, मग आम्हीही लावली. आता बसायला जागा कोणी मागतही नाही. तू मागितलीस का?"

शेषम्माने मागितली नव्हती. आयुष्यात तिने कोणाकडे काही मागितले नव्हते, आणि हाच तिचा सगळा डौल होता. अंबत्तूरचे स्टूल शिंप्याने आपणहून पुढे केले होते, ताकाचा पेला आपणहून हातात आला होता. मागितल्याशिवाय मिळेल तेवढ्यावर ती चालत आली होती. पायी चालणारी बाई कोणावर अवलंबून नसते, असे तिला वाटे. त्या रात्री भारतीच्या चटईवर पडल्या पडल्या तिने आपल्या चालण्याचा माग काढला, आणि तो एका परक्या ओट्यावरून दुसऱ्या परक्या ओट्यावर जात होता. सुरेंद्रची खोली नको म्हणताना तिने हे कधी हिशेबात धरले नव्हते.

सकाळी तिने दूध उतू घातले. फेस पातेल्याच्या काठावरून पूर्वेला उतरला, भारती म्हणाली, चांगले झाले. साखर-वेलदोडा घालून ते दूध शेजारीपाजारी द्यायचे, ही रीत. डावीकडचे घर, उजवीकडचे घर, समोरचे घर, एवढ्यात ती संपते.

शेषम्माने भारतीकडून मोठा झाकणाचा डबा आणि चार पेले मागून घेतले.

"एवढं दूध कोणाला?"

"बाजाराच्या वाटेवरच्यांना."

भारती तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आले. "थांब, पदर खोचते," ती म्हणाली. "डबा मी धरते."

शेजारच्या घरांत दूध देऊन दोघी रस्त्याने निघाल्या. शेषम्माने घरे पाहिली नाहीत, खुब्याकडे लक्ष ठेवले. जिथे तो पहिल्यांदा कुरकुरला तिथले दार तिने वाजवले. साडीच्या निऱ्या सावरत एक तरुण बाई आली, हरिप्रिया नावाची. नव्या बिऱ्हाडाचे दूध म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आणि आलेले भांडे रिकामे परत करायचे नसते, त्यात चिमूटभर साखर घालून द्यायची. साखर आणायला आत जाताना दारातल्या बाईला उभे कसे ठेवणार? हरिप्रियाने जाळीचे कुलूप काढले, सायकल बाजूला केली आणि म्हणाली, "बसा ना, मामी." शेषम्मा बसली. साखरेचा पेला हातात आला तेव्हा तिने ते वाक्य उच्चारले, जे ती पहाटेपासून मनात घोळवत होती.

"मला चालताना टेकावं लागतं. बाजाराला जाताना इथे घटकाभर बसले तर चालेल का?"

बोलून झाल्यावर तिचे कान गरम झाले. हरिप्रियाला त्यात काहीच विशेष वाटले नाही. "किल्ली ह्या कुंडीत असते," ती म्हणाली. "मी कामावर असले तर काढून घ्या."

पुढे जिथे कळ आली तिथे औषधांचे दुकान होते. दुकानदाराने दूध घेतले, दुकानात साखर नव्हती म्हणून पेल्यात खोकल्याच्या चार गोळ्या घातल्या, आणि आतले स्टूल बाहेर ठेवायचे कबूल केले. तिसऱ्या ठिकाणचे घर प्रतापसिंहांचे. भारतीने तिला आधीच हळूच सांगितले होते, एकटे आहेत, बायको जाऊन फार दिवस नाही झाले, कोणाशी बोलत नाहीत. म्हातारे जाळीपाशी आले, उंच, बनियन घातलेले. कुलूप त्यांनी काढले नाही. गजांमधून पेला आत घेतला, उभ्यानेच दूध प्यायले आणि रिकामा पेला गजांमधून परत दिला.

"साखर कोठे ठेवलेली असते ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. आणि शेषम्माने विचारायच्या आत, "इथे जागा नाही. स्कूटर आहे."

स्कूटरवर धूळ होती. शेषम्माने नमस्कार केला आणि ती पुढे चालू लागली. तिसऱ्या जागेशिवाय शाळेची भिंत गाठायची म्हणजे काय, हे तिला पुढच्या शंभर पावलांत कळले. भिंतीच्या मध्यावर ती भारतीच्या खांद्याला धरून उभी राहिली. दूध संपले होते.

शनिवारी सुरेंद्र आला. दूध उतू घालताना आपण नव्हतो म्हणून त्याने आधी देवाला नमस्कार केला, मग मागच्या दोन खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि म्हणाला, "चल. पिशवी घे. मी बघतो."

ते निघाले. हरिप्रियाच्या तिण्णैवर आत्या बसली आणि सुरेंद्र पिशवी घेऊन रस्त्यात उभा राहिला, मागून भोंगे वाजत होते. हरिप्रियाच्या सासूने आतून विचारले, हा कोण, काय करतो, बायको कुठली, मुलं किती. त्याने उभ्या उभ्या सगळी उत्तरे दिली. औषधवाल्याने स्टूल पुसून दिले आणि त्याला बंगळूरचे पाणी कसे आहे ते विचारले. प्रतापसिंहांची जाळी बंद होती. तिथे आत्या थांबली नाही, फक्त वेग कमी केला.

"हे चालणं नाही, आत्या," सुरेंद्र म्हणाला. "गाडीवर पाच मिनिटं लागली असती. सकाळ गेली."

"सकाळचं दुसरं काय करायचं होतं?"

शाळेची भिंत आली. अर्ध्यावर शेषम्माचा पाय थरथरू लागला, आणि सुरेंद्रला तो दिसला. लगेच एक ऑटो त्यांच्याजवळ येऊन हळू झाली. सुरेंद्रने हात वर केला.

"सुरेंद्र," शेषम्मा म्हणाली. "तुझा हात दे मला."

त्याने वळून पाहिले. लहानपणी रस्ता ओलांडताना ती त्याचा हात धरायची. पडल्यानंतर दवाखान्यातसुद्धा तिने त्याला हात धरू दिला नव्हता, पलंगाची कड धरून उठली होती. ऑटो थोडा वेळ थांबून निघून गेली. त्याने कोपर पुढे केले. तिने दोन्ही हातांनी ते धरले, सगळे वजन टाकले, आणि भिंतीच्या शेवटापर्यंत दोघे चालले.

बाजारात त्यांनी कढीलिंब घेतला, दूध घेतले, गजरा घेतला. परतीच्या वाटेवर भिंतीपाशी तिला हात मागावा लागला नाही, तो आधीच पुढे आला.

प्रतापसिंहांच्या घराजवळ आल्यावर शेषम्मा थबकली. जाळी उघडी होती. स्कूटर बाहेर, घराच्या कडेला काढून ठेवली होती, तिच्या धुळीवर ओढल्याचे ताजे पट्टे होते. तिण्णै ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती, आणि काठाला कागदाची एक पुडी ठेवली होती. म्हातारे कुठे दिसत नव्हते. शेषम्माने पुडी उघडून पाहिली. साखर होती.

"त्या दिवशीचं राहिलं होतं," आतल्या अंधारातून आवाज आला. "सापडली."

शेषम्मा अजून थकली नव्हती. थोडे आणखी सहज चालली असती, औषधवाल्याचे स्टूल तिथून दिसत होते. तरी ती बसली. सुरेंद्र मघासारखा रस्त्यात उभा राहिला. मागून बस आली, भोंगा वाजला, तसा तो दचकून तिण्णैजवळ आला, आणि जरा वेळाने पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी टेकला.

समोरून शहाळ्याची गाडी गेली.

"तुझं ते लोखंडी कपाट," सुरेंद्र म्हणाला, "दारातून आडवं आत जाईल का गं, अनिरुद्धरावांच्या? आडी लागायच्या आत आणायला हवं."

"उभं जाईल," शेषम्मा म्हणाली. "मी मोजलंय."